दोष कोणाचा?

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात आपण थोडा वेळ रेंगाळतो. लग्नाला तीन-चार वर्षे झालेले एखादे जोडपे दिसले की कोणीतरी हमखास विचारते, "काय, गोड बातमी कधी?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ती कसनुसे हसते, तो उगाच दुसरीकडे पाहतो, आणि काही दिवसांनी ते दोघे मिस्सा संपताच घरची वाट धरू लागतात.

पुढचा प्रश्न घरात विचारला जातो: "दोष कोणात आहे?" उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ठाणे, डोंबिवली, कल्याण असे दवाखाने पालथे घालते ती सून. तिच्या तपासण्यांची फाइल जाडजूड होते, आणि नवऱ्याची वीर्याची एक साधी तपासणीही झालेली नसते. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. आपल्या भाषेत 'वांझ' हा शब्द मात्र बाईलाच चिकटला. पुरुषासाठी जो शब्द आहे तो त्याच्या पुरुषत्वावरच घाव घालतो. म्हणूनच तो तपासणीला घाबरतो.

विज्ञान काय सांगते ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते, एफएसएच शुक्राणूंच्या वाढीला हातभार लावते. या साखळीची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते. एफएसएचच्या जनुकाजवळ एका अक्षराचा फरक असला तरी ते संप्रेरक कमी प्रमाणात बनू शकते. सुमारे सहाशे मुलांमागे एक मुलगा जास्तीचे एक्स गुणसूत्र घेऊन जन्मतो. १९४२ साली वर्णन झालेला हा क्लाइनफेल्टर सिंड्रोम. अनेकांना तो लग्नानंतरच्या तपासणीपर्यंत ठाऊकही नसतो. वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गळालेला असला, तरी शुक्राणू फार कमी होतात किंवा मुळीच बनत नाहीत. १९७६ साली इटलीतील संशोधकांनी हा धागा प्रथम पकडला. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीत आणि मुंबईत परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेत यावर संशोधन झाले आहे. अशा पुरुषाला दाढीमिशी असते, अंगात ताकद असते, वैवाहिक संबंधही सुरळीत असतात. म्हणजे मूल न होणे आणि पुरुषत्व नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग दोष कोणाचा? आपल्या भाषेत 'दोष' म्हणजे उणीव, आणि 'दोष' म्हणजे अपराधही. सगळा घोळ इथेच होतो. अपराधाला इच्छा लागते, जाणूनबुजून केलेली निवड लागते. आईच्या उदरात येण्यापूर्वी गळालेला गुणसूत्राचा तुकडा कोणी निवडला? योहानच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणूस आठवा. पाप याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले. प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्यांची नजर देवाच्या कार्याकडे वळवली. शिष्य मागे पाहत होते, प्रभू पुढे पाहत होता.

जनुके आपल्या हाती नाहीत म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. पतीने आधी किंवा निदान पत्नीबरोबर तपासणी करून घेणे, निकाल आला की तो दडवून तिला टोमणे खाऊ न देणे, हा विवाहसंस्कारात दिलेल्या वचनाचाच भाग आहे. काही कारणांवर उपचारही आहेत. पीयूषिकेकडून संदेशच येत नसेल, तर संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी अनेकदा शुक्राणू तयार होतात. पण जिममध्ये कोणी सुचवले म्हणून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्या तरुणांनी सावध राहावे. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती उलट बंद पडते.

१९९२ पासून एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याचे तंत्र आले. वाय गुणसूत्राची उणीव असलेल्या पित्याला त्यातून मुलगा झाला, तर तीच उणीव मुलाकडे जाते. ख्रिस्तसभेचा आक्षेप मात्र याहून खोल आहे. पतिपत्नीच्या मीलनाला साह्य करणारे उपचार ती स्वागतार्ह मानते, पण मीलनाची जागा घेणारे तंत्र स्वीकारत नाही. मूल हा हक्क नव्हे, दान आहे, असे १९८७ च्या 'दोनुम विते' या दस्तऐवजात सांगितले आहे. त्याच दस्तऐवजात हेही आहे की कोणत्याही मार्गाने जन्मलेले बाळ देवाच्या प्रेमाचे पूर्ण अधिकारी असते. अशा बाळाकडे आपल्यापैकी कोणी तिरक्या नजरेने पाहू नये.

ही शिकवण रिकाम्या पाळण्यापाशी बसलेल्यांना जड वाटते, हे आम्ही नाकारत नाही. तो क्रूस खरा आहे. दत्तक घेण्याचा मार्ग काही जोडप्यांना बोलावतो. पूर्वी कायद्याने ख्रिस्ती दांपत्याला केवळ पालकत्व मिळे. आता बालन्याय कायद्याखाली पूर्ण दत्तकविधान होते, आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीचा तो मार्ग स्पष्ट केला. पण दत्तक हे दुःखावरचे औषध म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नये. हाक ऐकू आली तर जावे.

परंपरा सांगते, संत जोआकिम यांचे अर्पण मंदिरात नाकारले गेले, कारण त्यांना मूल नव्हते. मान खाली घालून ते एकटे रानात निघून गेले. दरवर्षी २६ जुलैला आपण त्यांचा आणि संत ॲनाचा सण साजरा करतो. आपल्या चर्चच्या आवारातून आज कोणी जोआकिम असाच मान खाली घालून बाहेर पडत नाही ना? पुढच्या रविवारी असे जोडपे भेटले, तर गोड बातमी विचारण्याऐवजी एवढेच विचारू या: "कसे आहात दोघे? या ना घरी चहाला."