उमरीगरांचा मान

चेतेश्वर पुजारानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये निवृत्ती जाहीर केली, त्या संध्याकाळी मी सोलापुरात पार्क चौकात चहाच्या गाड्यावर होतो. शेजारच्या बाकड्यावर कॉलेजातली तीन-चार पोरं बसली होती आणि पुजारा हॉल ऑफ फेममध्ये जाणार की नाही यावर त्यांची जुंपली होती. एकानं मोबाइलवर आकडे काढले. १०३ कसोटी, ७,१९५ धावा, १९ शतकं, सरासरी ४३.६०. मग फलंदाजांसाठी सांगितली जाणारी आयसीसीची अट काढली. आठ हजार धावा आणि वीस शतकं, नाहीतर पन्नासच्या वर सरासरी. "बसत नाही बे," तो म्हणाला, आणि खटला निकाली निघाला.

मी न राहवून मध्ये बोललो. म्हटलं, त्या हिशेबानं आपल्या गावचा उमरीगरही बसत नाही.

"कोण हो काका उमरीगर?"

पहलन रतनजी उमरीगर, म्हणजे पॉली उमरीगर. जन्म २८ मार्च १९२६. जन्मगाव म्हणून कुठे सोलापूर लिहितात, कुठे मुंबई. सोलापूरकरांना हा वाद परवडणारा नाही, म्हणून मी तो घालत नाही. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता, लहानपण इथलं. शाळेच्या वयात कुटुंब मुंबईला गेलं. त्या पोराला माहीत नव्हतं याचा मला राग आला नाही. त्याच्या वयात मीही त्याच्यासारखाच न्याय करत होतो.

तेव्हा माझं मत सरळ होतं: आकडे खोटं बोलत नाहीत. १९६२ मध्ये उमरीगर थांबले तेव्हा भारतातर्फे सर्वाधिक कसोटी (५९), सर्वाधिक धावा (३,६३१) आणि सर्वाधिक शतकं (१२) त्यांचीच होती. भारताचं पहिलं कसोटी द्विशतकही त्यांचंच. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. पण त्याच मालिकेत विनू मंकड यांनी आधी २२३ ची बरोबरी केली आणि मग २३१ काढल्या. पुढे गावसकर आले आणि बाकीचे विक्रमही गेले. आकड्यावर उभा केलेला मोठेपणा दुसऱ्या आकड्यानं खाली बसतो. मी गावसकरांच्या पिढीचा, त्यामुळे मला त्यात काही चुकीचंही वाटत नव्हतं.

त्यात १९५२ चा इंग्लंड दौरा होता. सात डावांत ४३ धावा. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रूमन धावत आला की उमरीगर लेगकडे सरकतात, ही गोष्ट आमच्या आधीच्या पिढीनं चवीनं सांगितलेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला नाबाद १३० करून त्यांनी भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटी विजयाला हात दिला होता, आणि तेही अधिकारी नावाच्या खेळाडूला दुखापत झाली म्हणून ऐनवेळी संघात आलेले असताना. ते मात्र कुणी सांगत नसे. लोकांना पळालेला माणूस जास्त लक्षात राहतो.

हॉल ऑफ फेम ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली. बव्हेरियाच्या राजानं १८४२ मध्ये डॅन्यूबकाठी वालहाला नावाचं स्मारक उघडलं. आत जर्मन थोरांचे अर्धपुतळे. खेळात ही रीत अमेरिकेनं रुजवली. बेसबॉलची पहिली निवड १९३६ ची. आयसीसीनं आपलं दालन २००९ मध्ये सुरू केलं. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचं, हा नियम अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे तसा क्रिकेटमध्येही आहे. मला हा भाग शहाणपणाचा वाटतो; निरोपाच्या दिवशी कोणीही देवच असतो. पण पाच वर्षांनी तरी न्याय होतो का? टेरेल ओवेन्स हा चेंडू झेलून पळणारा रिसीव्हर. निवृत्त झाला तेव्हा त्यानं कमावलेल्या यार्डांच्या यादीत त्याच्यापुढे एकटा जेरी राइस होता. तरी त्याची निवड तिसऱ्या खेपेला, २०१८ मध्ये झाली, कारण मतदारांना त्याचा स्वभाव रुचत नव्हता. तो रुसला आणि समारंभाला गेलाच नाही. म्हणजे आकडे असले तरी पुरतात असं नाही, आणि नसले तर दार बंद.

आपल्याकडे याआधी वीरगळ होते. आमच्या जिल्ह्यात कितीतरी देवळांबाहेर ते शेंदूर फासून उभे असतात. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, शेवटी चंद्र-सूर्य. त्यावर किती शत्रू मारले याची बेरीज नसते. बहुतेकांवर नावही नसतं. कशासाठी उभा राहिला, एवढंच दगडाला सांगायचं असतं.

पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी मी नीट वाचली ती पन्नाशीनंतर. १९६२ चा वेस्ट इंडीज दौरा. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला, रक्त द्यावं लागलं. देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे फ्रँक वॉरेल होते, उमरीगरही होते. एकवीस वर्षांचा पतौडी कर्णधार झाला. मालिका पाचही सामन्यांत हरायची होती. चौथ्या कसोटीत उमरीगर छत्तीस वर्षांचे, पाठ दुखरी. आधी त्यांनी ५६ षटकं टाकून १०७ धावांत ५ बळी घेतले. मग वेस हॉलनं आघाडीची फळी कापून काढल्यावर ५६ धावा केल्या. फॉलोऑन मिळाला तेव्हा नाबाद १७२. सामना सात गडी राखून वेस्ट इंडीजनं जिंकला. हॉलसमोर असा उभा राहिलेला माणूस ट्रूमनला दहा वर्षांपूर्वी घाबरला असेल तर घाबरो. पुजारानंही ब्रिस्बेनला अंगावर चेंडू घेत २११ चेंडूंत ५६ च केल्या होत्या, हा योगायोग मला उगाच आवडतो.

तरीही एका सामन्यावर माणसाला दालनात बसवावं, असं मी म्हणणार नाही. माझं मत बदललं ते दुसऱ्या कारणानं. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, मानाचे सात नंदीध्वज निघतात. आपण मान म्हणतो, पण तो मान म्हणजे काय असतं? पांढरी बाराबंदी घालायची आणि ती उंच, जड काठी पेलत गावभर चालायचं. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव करायचा. मानकऱ्याला खुर्ची मिळत नाही, काठी मिळते.

उमरीगरांनी अशीच एक काठी धरली होती, भारत बहुतेक हरत होता त्या वर्षांत. १९५९ मध्ये मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री संघनिवडीवरून मंडळाच्या अध्यक्षांशी मतभेद झाला तेव्हा त्यांनी कर्णधारपद सोडलं, पण खेळणं सोडलं नाही. निवृत्तीनंतर निवड समिती सांभाळली, वानखेडेची खेळपट्टीही. २००६ मध्ये ते गेले, आणि त्याच मोसमापासून भारताच्या सर्वोत्तम क्रिकेटपटूचा पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. मंकड २०२१ मध्ये आयसीसीच्या दालनात गेले आणि ते योग्यच झालं. अटींना अपवाद करता येतो हेही त्यातून कळलं. उमरीगरांचं नाव मात्र दरवर्षी दुसऱ्याच्या हातातल्या चषकावर असतं. फोटोत चेहरा जिंकणाऱ्याचा.

यातलं बरंचसं मी त्या पोरांना सांगितलं, चहा गार होईपर्यंत. मोबाइलवाल्यानं ऐकता ऐकता धावफलक शोधून काढला.

"५६ आणि १७२. आणि हरलो?"

"हरलो."

तो खाली सरकवत गेला, थांबला, पुन्हा वर आला.

"५६ षटकं बे," तो मित्राकडे बघून म्हणाला, "एकट्यानं."