शेवटच्या रात्रीची बॅग

सॅन दिएगो

चि. मृण्मयी हिस,


बोटीवरून उतरून दोन दिवस झाले, तरी मैत्रिणीच्या घरातली फरशी अजून हलते आहे. भाजी चिरताना ओट्याला धरून उभी राहिले, तर ती हसून लोटपोट. बऱ्याच जणांचं असं होतं म्हणे, आणि थोड्या दिवसांत आपोआप जातं.

पुढच्या वर्षी आई-बाबांना पनामा कालव्यातून याच वाटेने न्यायचं म्हणतेस आणि त्यासाठी ‘टिप्स’ मागतेस. देते, पण शेवटापासून सुरुवात करते.

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या बांधून त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या खाली जातात आणि मग थेट धक्क्यावर, आपल्या चिठ्ठीच्या रंगाखाली भेटतात. तुझ्या काकांनी मोठ्या टापटिपीने सगळं भरलं. सगळं म्हणजे सगळं. सकाळी कपाट उघडलं, तर हँगर तेवढे डुलत होते. मग पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि वर जाकीट, अशा थाटात स्वारी अमेरिकन अधिकाऱ्यासमोर उभी राहिली. म्हणून पहिली शिकवण: बॅग भरण्याआधी उद्याचे कपडे खुर्चीवर काढून ठेव. पासपोर्ट, चष्मा, आई-बाबांची औषधं आणि दात घासायचा ब्रश खांद्यावरच्या पिशवीत.

त्या पिशवीत आणखी एक पिवळं कार्ड असू दे. आमची बोट फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघाली आणि कार्ताहेना, पनामा कालवा करत इथे आली. कोलंबिया-पनामाकडून भारतात परतणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. तो नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जायची पाळी येऊ शकते. लस किमान दहा दिवस आधी हवी, आणि बाबा साठीपुढचे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मला हे कार्ड म्हणजे कटकट वाटली होती. पण कालवा खणताना याच तापाने आणि मलेरियाने हजारो मजूर गेले आणि फ्रेंचांचा पहिला प्रयत्न बुडण्यात या रोगांचा मोठा वाटा होता, हे तिथे ऐकलं आणि कार्ड जपून आत ठेवलं.

कालव्याच्या दिवशी दुसरा कुठलाही बेत आखू नकोस. पहाटेच वर जाऊन पुढच्या बाजूच्या दोन खुर्च्या धर. गातून इथल्या लॉकच्या, म्हणजे दारं असलेल्या हौदांच्या, तीन पायऱ्या चढून अख्खी बोट 26 मीटर वर जाते, तीही एकही पंप न लावता. वरच्या तळ्याचं पाणी नुसत्या उताराने हौदात उतरतं. दोन्ही बाजूंना भिंत जेमतेम दोन फुटांवर. 1914 साली सुरू झालेली ही करामत आजही पावसाच्या भरवशावर चालते. एका बोटीमागे सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला मिळतं. 2023 मध्ये पाऊस कमी पडला, तेव्हा बोटींची संख्याच घटवावी लागली.

बाकीचं झटपट सांगते. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घे, हेलकावे कमी लागतात. फोन विमान-मोडवर ठेव, नाहीतर बोटीवरच्या नेटवर्कचं बिल घाम फोडेल. खोलीच्या कार्डावरचा हिशेब रोज बघ; बक्षिशी रोजच्या रोज त्यात चढत असते. बंदरात उतरताना हातातलं घड्याळ बोटीच्या वेळेवर असू दे, कारण फोन आपल्या मनाने वेळ बदलतो आणि बोट कुणासाठी थांबत नाही. जेवणाआधी हात साबणानेच धू. पोटाच्या ज्या साथी बोटीवर पसरतात, त्यांना जंतुनाशकाचा थेंब पुरत नाही.

आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीचा. मराठी ऐकून खुलला. सात महिने घर पाहिलं नव्हतं आणि आठवड्याची सुट्टी कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. शेवटच्या रात्री मी जरा हळवी होऊन म्हटलं, “संपलं रे सगळं.” तो चादर झटकत म्हणाला, “मावशी, दुपारी नवी माणसं येतात.” आम्ही आठवणी गोळा करत होतो, त्याला दुपारच्या आत खोली तयार करायची होती. त्याचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला हवं होतं. मी तिसऱ्या दिवशी विचारलं. तू उशीर करू नकोस.

पश्चिमेकडे येताना तीन रात्री घड्याळ तासभर मागे गेलं, म्हणजे तीन तास फुकट मिळाले. ते मी डेकवर बसून, काहीही न करता खर्च केले. तुझ्या यादीत तेवढी जागा ठेव.

परवा परतीचं विमान आहे. काका दोन पँटी एकावर एक घालून बसायचं म्हणताहेत.

तुझी,
मावशी