गाऱ्हाणे कुणापाशी?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनचे वादळ आले की केळीची उभी बाग बघता बघता आडवी होते. घड भरत आलेला, कापणी तोंडावर आलेली, आणि त्या घडाच्याच वजनाने खोड मधोमध मोडते. वर्षभराचे पाणी, खत, सोसायटीचे कर्ज, सगळे मातीत. दुसऱ्या दिवशी बांधावर माणसे जमतात. चर्चच्या मंडळीतलेही येतात. एक जण म्हणतो, "देवाची काहीतरी योजना असेल." दुसरा जरा आवाज उतरवून विचारतो, "दशमांश चालू होता ना?"

हा दुसरा माणूस बायबलमध्ये फार जुना आहे. ईयोब नावाच्या नीतिमान माणसावर संकटे कोसळली तेव्हा अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे त्याला भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. आपल्याकडे दुखवट्याला बसतात तसेच. तिथेच थांबते तर तिघांचे नाव चांगले राहिले असते. पण त्यांनी तोंड उघडले आणि देवाची वकिली सुरू केली: देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे चूक तुझीच. ईयोब मात्र भांडला. जन्मल्या दिवसाला त्याने शाप दिला, देवाला थेट जाब विचारला. शेवटी देव रागावला तो वकिली करणाऱ्यांवर. माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही, असे त्याने त्या तिघांना सुनावले. वर त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे काम ईयोबाकडेच दिले!

येशूनेही हा हिशेब मोडून काढला. शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती काही इतरांहून जास्त पापी नव्हती, असे त्याने स्पष्ट सांगितले. वादळ बांध बघून वळत नाही.

मग भरवसा म्हणजे काय? गप्प बसणे नव्हे. बायबलमधले 88वे स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, कारण ते देवापाशी बोललेले आहे. वधस्तंभावर येशूने 22व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, तीही प्रश्नच आहे. पण तो प्रश्न विचारताना देवाला मारलेली हाक आपलेपणाची आहे. देवाला दोष देणारा निकाल लावून उठून जातो. भरवसा ठेवणारा उत्तर मिळाले नाही तरी दारातून हलत नाही. माझ्या मते सगळा फरक एवढाच आहे, आणि तो काही लहान नाही.

असा भरवसा जळगावकरांना परक्या गावचा वाटू नये. 1907 साली इथे कविसंमेलन भरले, धरणगावच्या कोवळ्या ठोमऱ्यांना 'बालकवी' हे नाव तिथेच मिळाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी नेले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलासारखे सांभाळले. 5 मे 1918 रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, टिळकही गेले. लक्ष्मीबाईंची श्रद्धा आयती आलेली नव्हती. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले होते. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मधला. बालकवी का, आणि लगोलग टिळक का, याचे उत्तर त्यांना कुणी दिले नाही. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते त्यांनी पुढे लिहायला घेतले.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या मोडलेल्या बागेत किंवा दुखवट्याला जाल, तर देवाची बाजू मांडू नका. पहिले सात दिवस त्या तिघांना जे जमले होते, तेवढे करा. आणि संकट तुमच्याच घरी आले असेल, तर ईयोबाचे अध्याय 38 ते 42 एका बैठकीत वाचा. त्यात देव पुष्कळ बोलतो, पण ईयोबाच्या 'का'चे उत्तर देत नाही.