मूल कोणाबरोबर आहे?



लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत आपल्या प्रभूच्या मुलपणाची एक गोष्ट आहे, ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. वल्हांडण सण संपवून योसेफ व मरीया यरुशलेमाहून घरीं निघालीं. येशू बारा वर्षांचा होता. जथा मोठा होता. नातलग, शेजारी, ओळखीचीं माणसें, सर्व बरोबर होतीं. आईबापांस वाटलें कीं, मुलगा ह्यांच्यांतच कोणाबरोबर चालत असेल. एक दिवसाची वाट सरल्यावर शोध केला, तेव्हां मुलगा कोणाबरोबरच नव्हता. त्या घरांत प्रीतीची उणीव नव्हती, भक्तीचीही नव्हती. तरी मूल मागें राहिलें. ही गोष्ट वाचतांना आपण मंदिरांतील संभाषणाकडे लक्ष देतों. परंतु न विचारतां चाललेल्या त्या एका दिवसाच्या वाटेकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. आज त्या वाटेविषयीं लिहावयाचें आहे.

बीड व अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचें अहमदनगर) ह्या जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवें दसरा-दिवाळीच्या सुमारास कशीं ओस पडतात, हें तेथील वाचकांस सांगावयास नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि बिऱ्हाडच्या बिऱ्हाड पश्चिमेकडील जिल्ह्यांत अथवा कर्नाटकांत साखर कारखान्यांच्या फडांवर जातें. गाळपाचा हंगाम संपावयास मार्च-एप्रिल उजाडतो. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होऊन एप्रिलअखेर संपतें. म्हणजे जें मूल आईबापांबरोबर जातें, त्याचें जवळजवळ अर्धें वर्ष फडावर जातें. तेथें तें रिकामें बसत नाहीं. धाकट्या भावंडास सांभाळणें, पाणी आणणें, कोपी राखणें, वाढें गोळा करणें, हीं कामें त्याच्याकडे येतात. जें मूल जात नाहीं, तें म्हाताऱ्या आजीजवळ राहतें; आणि आजीला भाकरी करवते, पण सकाळीं शाळेंत गेलेलें मूल खरोखर शाळेंतच गेलें कीं ओढ्याकाठीं, हें पाहणें तिच्यानें होत नाहीं.

मी स्वतःचा दोष प्रथम सांगतों. एका मंडळींत असतांना शब्बाथशाळेंतील एक मुलगी कांहीं आठवडे दिसली नाहीं. मला वाटलें, ती आईबापांबरोबर फडावर गेली असेल व तेथें कोठें शाळेंत बसत असेल. तिच्या आईबापांस वाटत होतें कीं, ती आजीजवळ आहे व शाळेंत जात आहे. शिक्षकांस वाटलें कीं, ती कुटुंबाबरोबर गेली. प्रत्यक्षांत ती गांवींच होती. आजी आजारी पडली होती आणि मुलगी घरचें सर्व करीत होती. दोन महिन्यांनीं मीं त्या दारावरून गेलों, तेव्हां हें कळलें. तिनें मला नमस्कार केला व विचारलें, “पाळकसाहेब, आतां मला वर्गांत घेतील का?” मजजवळ तत्काळ उत्तर नव्हतें. आम्हीं सर्वांनीं एक दिवसाची नव्हे, तर दोन महिन्यांची वाट न विचारतां चालून टाकली होती.

अशा वेळीं प्रश्न उठतो कीं, दोष कोणाचा? कांहीं बंधु चटकन म्हणतात, “आईबापांचा, ज्यांना मुलाचें हित कळत नाहीं, त्यांना देवानें मुलें कां द्यावीं?” हें बोलणें कठोर आहे व खोटेंही आहे. ज्या बापानें उचल घेतली, त्यानें ती बहुधा आजारपणासाठीं, लग्नासाठीं अथवा पेरणी बुडाली म्हणून घेतली. ज्याच्यापुढें दोनच वाटा आहेत व दोन्ही वाईट आहेत, त्यानें त्यांतली एक धरली म्हणून त्याला दोषी ठरविणें सोपें आहे. पण न्याय करणाऱ्यानें आधीं तिसरी वाट दाखविली पाहिजे.

दुसरे बंधु ह्याच्या उलट म्हणतात, “गरिबी आहे, मग कोणाचाच दोष नाहीं.” हेंही मला मान्य नाहीं. गरिबीनें बापाचा दोष हलका होतो, पण मुलाचें नुकसान हलकें होत नाहीं. कर्ज पुढच्या हंगामांत फिटूं शकतें; आठव्या वर्षाचा मार्गशीर्ष मुलाला पुन्हा मिळत नाहीं. शिवाय मूल हें आईबापांची मालमत्ता नव्हे, ठेव आहे. हन्नेनें शमुवेलाला मागून घेतलें तें देवाला परत देण्यासाठीं. ठेव ज्याच्या हातीं आहे त्याचे हात भरलेले असतील, तर शेजारच्यानें ती धरावी. “ती माझी नव्हे” असें म्हणून जमिनीवर पडूं द्यावी, हें ख्रिस्ती माणसास शोभत नाहीं. आपण मंडळींत बालकाचें समर्पण करितों अथवा त्याला बाप्तिस्मा देतों, तेव्हां उभी राहून वचन देणारी केवळ आईबापेंच नसतात, मंडळीही असते. म्हणून माझें उत्तर असें आहे कीं, जेथें आईबापांचें बळ संपतें, तेथें दोष संपत नाहीं. तेथून आपलें कर्तव्य सुरू होतें.

तिसरा एक विचार पुष्कळांच्या मनांत असतो: “आम्हीही लहानपणीं कष्ट काढले. कष्टानें मूल कणखर होतें. त्याला फार जपूं नये.” ह्यांत सत्याचा अंश आहे, म्हणून नीट विचार करूं. मिरचीचें रोप वाफ्यांतून काढून सरींत लावलें कीं पहिले कांहीं दिवस तें मान टाकतें. शेतकरी त्या दिवसांत त्याला पाणी देतो. “ऊन लागूं द्या, म्हणजे तें टणक होईल,” असें म्हणत नाहीं. मूळ धरल्यावर तेंच रोप वैशाखाचें ऊन सोसतें. ऊन दोन्ही वेळीं तेंच असतें. फरक मुळांचा असतो. मुलाचा धीर असाच आहे. ज्या मुलाला ठाऊक असतें कीं, कोणीतरी आपली वाट पाहत आहे, आपण चुकलों तर कोणी शोधावयास येईल, तें मूल पुष्कळ सोसतें. ज्याला वाटतें कीं, आपण आलों काय आणि न आलों काय सारखेंच, तें थोडक्यांत मोडतें. मोशे पाण्यावर पेटाऱ्यांत होता, तेव्हां संकट लहान नव्हतें. पण त्याची बहीण दुरून पाहत उभी होती.

आणि येथेंच आणखी एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. शाळा सुटण्याचा खरा दिवस बहुधा तो नसतो, ज्या दिवशीं मूल फडावर जातें. तो दिवस परत आल्यानंतर येतो. चैत्रांत मूल वर्गांत बसतें. बरोबरीचीं मुलें पुढचे धडे वाचीत असतात, त्याला मागचीही अक्षरें अडतात. त्या वेळीं कोणी हसलें, किंवा मोठ्यांपैकीं कोणी “आलास का एवढ्यांत?” असें म्हटलें, तर तें मूल उद्यां येत नाहीं. लाज ही भुकेइतकीच मोठी शत्रू आहे.

आपल्या देशांत ह्या गोष्टीसाठीं मोठ्या माणसांनीं फार दिवस झुंज दिली आहे. जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, असें निवेदन केलें. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं १९११ सालीं त्यासाठीं विधेयक मांडलें. तें संमत झालें नाहीं. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत तें प्रत्यक्ष आणलें. २००२ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला, आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्यानें मुलाला वयाप्रमाणें वर्गांत घ्यावें लागतें. दाखला नाहीं अथवा वर्ष अर्धें झालें, एवढ्यावरून त्याला परत पाठवितां येत नाहीं. मागें पडलेल्यास विशेष शिक्षण देणें शाळेचें काम आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर कायद्यांत होतें. तें तिला सांगणारा कोणी नव्हता. कायदा दार उघडतो. पण दारापर्यंत मुलाचा हात धरून जाणें कायद्याला येत नाहीं.

मग आपण काय करावें? प्रत्येक मंडळींत करतां येईल असें थोडकें सांगतों. दसऱ्यापूर्वीं उपदेशकानें घरोघर जाऊन एवढेंच विचारावें: “ह्या हंगामांत कोण जाणार, आणि मूल कोणाबरोबर राहणार?” उत्तर वहींत लिहावें. कांहीं गांवीं जिल्हा परिषदेच्या शाळेंत स्थलांतराच्या महिन्यांपुरतें हंगामी वसतिगृह चालतें व मागें राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय होते. तें आपल्या गांवीं आहे कीं नाहीं, हें मुख्याध्यापकांस आधींच विचारावें. जें मूल आजीजवळ राहील, त्याच्यासाठीं मंडळींतील एक घर नेमावें. त्या घरानें फार कांहीं करावयाचें नाहीं. सकाळीं आपल्या मुलांबरोबर त्यालाही हाक मारावी, आणि सायंकाळीं दिव्यापाशीं बसूं द्यावें. जें मूल फडावर जाईल, त्याच्या हातीं शाळेचें पत्र द्यावें, म्हणजे तेथील जवळच्या शाळेंत त्याला बसतां येईल. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया. आपल्या भगिनींनीं त्यांत मागें राहूं नये. आणि मूल परत येईल, त्या रविवारीं पाळकानें त्याचें नांव घेऊन त्याचें स्वागत करावें, म्हणजे सोमवारीं वर्गांत जाण्यास त्याला धीर येईल.

कोणी म्हणेल, हीं लहान कामें आहेत. ह्यांनीं ना उचल फिटते, ना पाऊस पडतो. खरें आहे. कर्जाचा व मजुरीचा अन्याय दूर करण्याचें मोठें काम वेगळें आहे व तेंही आपलेंच आहे. परंतु मोठें काम होईपर्यंत लहान मूल थांबत नाहीं. तें वाढतच असतें.

योसेफ व मरीया ह्यांस चूक कळली, तेव्हां त्यांनीं एकमेकांस दोष देत बसण्यांत वेळ घालविला नाहीं. तीं आल्या वाटेनें परत फिरलीं व शोधीत राहिलीं. तिसऱ्या दिवशीं मुलगा सांपडला तो कोठें? गुरुजनांच्या मध्यें बसून त्यांचें ऐकत व त्यांना प्रश्न विचारीत असलेला. प्रत्येक मुलाचें योग्य ठिकाण तेंच आहे. ती मुलगी पुढें वर्गांत बसली; शिक्षकांनीं तिला घेतलें, आणि एका भगिनीनें तिच्या आजीची काळजी वाहिली. तिचे दोन महिने मात्र कोणालाही परत देतां आले नाहींत.

वाचकहो, येत्या रविवारीं उपासना सुटल्यावर दारांत क्षणभर उभे राहा व मुलें मोजा. एखादें कमी असेल, तर “तें कोणाबरोबर तरी असेल” असें मनांत म्हणूं नका. त्याच दिवशीं त्याच्या घरीं जा.