देहाचा उजेड

माणसाचे शरीर दिवसरात्र मंद उजेड सोडत असते. काजव्याकडे उजेडासाठी खास रसायन असते. तसे काही इथे नसते. पेशींचा श्वास चालू असताना ऑक्सिजनचे काही उग्र रेणू तयार होतात आणि स्निग्धांश व प्रथिनांवर तुटून पडतात. त्या झटापटीत उत्तेजित झालेले रेणू शांत होताना प्रकाशकण बाहेर पडतो. हा उजेड डोळ्याला जेमतेम जाणवेल त्याच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतका असतो. अंगाच्या उष्णतेचे अवरक्त किरण निराळे. थर्मल कॅमेरा टिपतो तो हा उजेड नव्हे.

1923 मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरविच यांनी कांद्याच्या मुळांवरून सजीवांच्या किरणांची कल्पना मांडली. तिच्यावर बराच वाद झाला. पुढे 1950 च्या दशकात इटलीत गहू, मसूर, मका यांच्या कोवळ्या अंकुरांचा मंद प्रकाश प्रकाशगुणक नळीने मोजला गेला.

माणसाचे ठसठशीत चित्र 2009 मध्ये जपानमधून आले. मासाकी कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी विशीतल्या पाच तरुणांना उघड्या अंगाने पूर्ण काळोखात बसवले. कॅमेऱ्याचा संवेदक उणे 120 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला होता, कारण उबदार संवेदक उजेड नसतानाही आपणहून खोटे संकेत देतो. एकेका चित्राला वीस मिनिटे लागली. सकाळी दहाला उजेड सर्वांत कमी, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत जास्त. धडापेक्षा चेहरा, त्यातही गाल अधिक उजळ. उष्णतेच्या नकाशाशी हे चित्र जुळले नाही, हा त्यातला मोलाचा भाग.

देहाच्या उजेडावरून संतांच्या तसबिरींतले तेजोवलय आठवते. वाशीम जिल्ह्यातले कारंजा हे दत्तसंप्रदायातले संत नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान. घरोघरच्या तसबिरींत त्यांच्या मस्तकामागे तेजोवलय असते. ते श्रद्धेचे चित्र आहे आणि त्याला कॅमेऱ्याच्या साक्षीची गरज नाही. ‘ऑरा’ म्हणून पैसे घेऊन दाखवली जाणारी किर्लियन छायाचित्रे मात्र वेगळीच. त्यांत दिसते ती उच्च दाबाच्या विजेची ठिणगी. बोटाचा घाम आणि दाब बदलला की तिचा आकारही बदलतो. त्यावरून रोग सांगणे ही फसवणूकच.

खऱ्या मोजणीला शिवारातली अवसेची रात्रही पुरत नाही. चांदण्यांचा उजेडसुद्धा तिथे जास्त होतो. शिवाय उन्हातून आलेली त्वचा काही काळ साठवलेला प्रकाश परत सोडत राहते. म्हणून माणसाला आधी काळोखात बसवून ठेवतात, रिकाम्या खोलीतले संकेत वेगळे मोजतात आणि एकूण आकड्यातून वजा करतात.