गप्पा न मारणाऱ्यांचा कट्टा

आपल्याकडे माणूस जोखला जातो तो गप्पांवरून. पंगतीत, टपरीवर, ऑफिसात डबा खाताना जो रंगतो तो मनमोकळा. गप्प बसतो तो घुम्या, एकलकोंडा, नाहीतर सरळ शिष्ट. ही विशेषणं स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रौढांच्या अंगवळणी पडलेली असतात. त्यांना माणसंच नको असतात, हा समज मात्र बहुतेकांच्या बाबतीत खोटा. त्यांना जाच होतो तो चौघांनी एकाच वेळी बोलण्याचा, डोक्यावर भणभणणाऱ्या ट्यूबलाइटचा आणि "निघतो आता" हे नेमकं कधी म्हणायचं, या घोराचा.

मुलं लहान असताना मदत थोडीफार तरी सापडते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा दिव्यांगत्वांच्या यादीत स्पष्ट समावेश केला, मोठ्या शहरांत केंद्रं आणि पालकांचे गट आहेत. पण गट पालकांचे! पस्तिशीतला, नोकरी करणारा, कदाचित तिशीनंतरच निदान झालेला माणूस तिथे जाऊन काय करणार? त्याला सल्ला मिळतो तो ठरलेला: जरा मिसळ, डोळ्यांत बघून बोल, हस. म्हणजे दुरुस्ती करायची ती त्यानेच.

या एकतर्फी हिशेबाला डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये हरकत घेतली. समजून घेण्यातली अडचण दुहेरी आहे, असं त्यांचं म्हणणं. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांना तोही कळत नाही. 2020 मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी याची एक परीक्षा घेतली. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि कानगोष्टींच्या खेळासारखी एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली. फक्त स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली, तेवढीच इतरांच्या साखळीतही टिकली. तपशील भराभर गळाले ते मिश्र साखळीत. सहभागी अवघे 72 होते, तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण 'यांना संवादच जमत नाही' हे वाक्य यापुढे इतक्या बेफिकिरीने उच्चारता येऊ नये.

अशी माणसं आपली आपण जमली तर मेळावा कसा होतो, हे अमेरिकेत 1996 पासून काही वर्षं दिसत होतं. जिम सिंक्लेअर आणि त्यांच्या स्वमग्न साथीदारांनी 'ऑट्रीट' नावाचं निवासी शिबिर सुरू केलं. कुठल्याही सत्राला बसण्याची सक्ती नव्हती. रंगीत बिल्ल्यांची पद्धत तिथे रुजली आणि पुढे इतर मेळाव्यांनी ती वाढवली: लाल म्हणजे कोणीच बोलू नका, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला, हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. हा हिरवा बिल्ला मला फार आवडतो. आपल्या कितीतरी लग्नांत तो मी स्वतः लावला असता.

पण निव्वळ स्वमग्नांचाच गट गावोगावी निघेल, ही आशा मला फारशी वाटत नाही. तालुक्याच्या गावात निदान झालेली प्रौढ माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील आणि त्यांनाही एकमेकांशी पटेलच असं नाही. स्वमग्नता म्हणजे काही समान आवड नव्हे. मला वाट दिसते ती जिथे जमण्याला काहीतरी काम आहे अशा गटांत. बुद्धिबळ, जुनी नाणी, किल्ल्यांची मोजमापं, रेल्वेची वेळापत्रकं. किंवा पक्षी.

माझ्या ओळखीचा एक तिशीतला हिशेबनीस पाषाण तलावावर पक्षी पाहणाऱ्यांबरोबर जातो. घोळक्यापासून दहा पावलं दूर उभा राहतो. सकाळभरात तोंड उघडतो ते "हळदी-कुंकू बदक, चौदा" एवढ्यापुरतं, आणि वहीवाल्या काकू न विचारता चौदा लिहून घेतात. दर फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षिगणना असते. किमान 15 मिनिटं बघा, दिसेल ते नोंदवा. इतका स्पष्ट नियम कुठल्या स्नेहसंमेलनाला असतो? एकदा तो आला नाही, तेव्हा काकूंनी फोन केला. "अहो, मोजायला कोण?" म्हणाल्या. प्रकृती वगैरे विचारलीच नाही, आणि त्याला तेच बरं वाटलं.

असं सामावून घेतल्याचं एक जुनं उदाहरण नेहमी दिलं जातं. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचं सविस्तर वर्णन केलं, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावात मोठा झाला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, गावातल्या ओळखीच्यांना एकेक आकडा नेमून देत राहिला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. गावाने त्याला सांभाळून घेतलं, हे सगळे सांगतात. बँक त्याच्या घराण्याची होती, हेही सांगायला हवं. पैसा नसलेल्या डोनाल्डला हेच गाव 'वेडा' म्हणून मोकळं झालं असतं की नाही, कोण जाणे. बाई असती तर आणखी वेगळं. आपल्याकडे तर गप्प बसणारी मुलगी 'सोशिक' ठरते आणि निदानाची गरज कोणाला वाटतच नाही.

अशा माणसांना सामावून घ्यायला आपल्या वाचनालयांना, मंडळांना फार काही करायचं नाहीये. निमंत्रणावर सुरू होण्याच्या वेळेबरोबर संपण्याची वेळही छापावी आणि ती पाळावी. किती लोक येतील, ध्वनिक्षेपक असेल का, मधूनच बाहेर पडायचं तर दार कुठलं, हे लिहावं. नवख्याला व्यासपीठावर बोलावून "स्वतःबद्दल दोन शब्द" सांगायला लावू नये. आणि 'नंतर चहापान' असेल तर चहा न घेता गेलेल्याला दुसऱ्या दिवशी कोणी "काय हो, काल लगेच पळालात?" असं विचारू नये.