लाईट गेल्यानंतरचं

माझा भाचा डोंबिवलीला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि बेस गिटार वाजवतो. त्याच्या बँडमध्ये आणखी तिघं आहेत. दोघं गिटारवाले, त्यातला एक त्याच्या वर्गातला आणि एक बँकेत नोकरीला. ड्रम वाजवणारा वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. महिन्यातून दोन रविवार हे चौघं पैसे काढून ठाण्याला तासावर मिळणारी जॅमरूम घेतात. कुणाला त्यातून पोट भरायचं नाही. आठवडाभर ज्याची वाट पाहावी असं काहीतरी आयुष्यात असावं, एवढ्यासाठी ते वाजवतात.

जुलैतल्या एका रविवारी त्यांनी ठरवून काहीच ठरवलं नाही. गाणं नाही, शब्द नाहीत, कोण कधी पुढे येणार तेही नाही. ई मायनरमध्ये वाजवायचं, एवढंच नक्की. कोपऱ्यातल्या स्टुलावर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं, ड्रमरने काड्या आपटून चार मोजले आणि सुरू झाले. सव्वीस मिनिटं वाजवत राहिले. त्या रात्री भाच्याने ते रेकॉर्डिंग घरच्यांना आणि मित्रांना, दहाबारा जणांना पाठवलं. सोबत एकच ओळ होती : कसं वाटलं ते खरं सांगा.

मी कपड्यांच्या घड्या घालताना ते लावलं. चौथ्या मिनिटाला दाराची बेल वाजली. बंद केलं, आणि दार उघडायला जाण्याआधी त्याला लिहून टाकलं : फारच छान, असेच वाजवत राहा.

पुढच्या शनिवारी भावाकडे जेवायला गेले. पानं घेतली जात होती, तेवढ्यात भाचा जवळ येऊन हळूच म्हणाला, "आत्या, लाईट गेल्यानंतरचं कसं वाटलं तुला?"

मला काही कळेना. कुठली लाईट? मी म्हटलं, "छानच होतं रे." तो माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नाही, पण त्या नजरेत जे होतं ते मला आजही आठवतं. माझ्या एका शब्दावर त्याने आठवडाभर विश्वास ठेवला होता आणि तो विश्वास माझ्यासमोरच उतरत होता. मग मी खरं सांगितलं, की मी तिथपर्यंत ऐकलेलंच नाही. तो म्हणाला, "मग आधी ऐक ना. घाई नाहीये."

त्या रात्री घरी येऊन मी दिवा मालवला आणि सव्वीस मिनिटं बसून ऐकलं. सोळाव्या मिनिटाला खरोखरच लाईट जाते. दोन्ही गिटार, बेस, सगळं एका क्षणात गप्प होतं, कारण अँप्लिफायर बंद पडतात. मोबाईल बॅटरीवर चालू असतो. उरतो तो ड्रम. अंधारात कुणीतरी हसतं. एखाद्या गिटारची तार विजेविना किणकिणते, इतकी बारीक की कान द्यावा लागतो. ड्रमर थांबत नाही. तो आवाज खाली आणतो, झांजेवर फक्त काडी टेकवत राहतो, आणि दीडेक मिनिट त्या खोलीत चौघांचं श्वास घेणंही ऐकू येईल असं वाटतं. मग वीज येते. गिटारवाले लगेच शिरत नाहीत. आधी बेस येतो, एकच स्वर धरून. हे वाजवणारा माझा भाचा. मी त्याला बाळंतपणाच्या खोलीपासून ओळखते, आणि त्या एका स्वरात तो मला पहिल्यांदा भेटला.

मी चौथ्या मिनिटाला उठले नसते तर हे मला त्याच रविवारी मिळालं असतं.

बाकीच्यांचे अभिप्राय त्याने मला नंतर दाखवले. बहुतेकांनी "भारी", "कडक", "आग लावलीत" असं लिहिलं होतं. एका नातेवाइकाने "हा नुसता गोंगाट आहे, त्यापेक्षा अभ्यास करा" असं कळवलं होतं. त्याला विचारलं तेव्हा त्याने मिनिटभरच ऐकलं होतं हे कळलं. मला वाटतं, माझं "फारच छान" आणि त्याचा "गोंगाट" ही सख्खी भावंडं आहेत. एकाने गोड बोलून सुटका करून घेतली, दुसऱ्याने कडू बोलून. ऐकण्याचे कष्ट दोघांनीही वाचवले. आपण स्तुती म्हणजे प्रेम आणि टीका म्हणजे प्रामाणिकपणा असं धरून चालतो. न ऐकता केलेल्या दोन्हींत ना प्रेम असतं, ना प्रामाणिकपणा.

ठरवून न वाजवलेल्या संगीताचा आणि ऐकणाऱ्याचा संबंध फार जवळचा असतो, म्हणून ही गोष्ट मला एवढी लागली. आपल्याकडे ख्यालाची बैठक आठवा. गवई बंदिशीचा मुखडा घेऊन निघतो, पुढची बढत कशी होणार हे त्यालाही पूर्ण ठाऊक नसतं, आणि समोर बसलेला जाणकार मांडीवर ताल धरून त्याच्या मागोमाग चाललेला असतो. समेवर दोघं एकदम पोहोचतात. तेव्हा निघणारी "वा" ही नुसती शाबासकी नसते. "तू कुठे गेला होतास ते मी पाहिलं" असं ते सांगणं असतं. त्या दादेवर गवयाला पुढची जागा सुचते. तानसेन व्हायला जमलं नाही तरी कानसेन व्हावं असं आपल्याकडे म्हणतात. आपण ते दुय्यम बक्षिसासारखं म्हणतो. खरं तर कानसेन नसेल तर तानसेनाची बढत अर्धी राहते.

हे फक्त आपल्याच संगीतात आहे असंही नाही. कीथ जॅरेट या अमेरिकन पियानोवादकाने २४ जानेवारी १९७५ च्या रात्री जर्मनीतल्या कोलोनच्या ऑपेरागृहात पूर्णपणे उत्स्फूर्त वादन केलं, आणि त्याची ध्वनिमुद्रिका जगभर गेली. तिच्या सुरुवातीला श्रोत्यांचं हसू ऐकू येतं. प्रेक्षकांना आत बोलावण्यासाठी त्या ऑपेरागृहात जी घंटा वाजते, तिचेच स्वर त्याने पहिल्या झटक्यात वाजवले होते आणि लोकांनी ते ओळखले होते. ऐकणाऱ्यांचं ते उत्तर वादनाबरोबरच मुद्रित झालं.

ठाण्याच्या त्या बंद खोलीत चौघांसमोर कोणीच नव्हतं. मान डोलावणारं नाही, हसणारं नाही, कंटाळून घड्याळ पाहणारंही नाही. भाच्याने ते रेकॉर्डिंग पाठवलं, ते प्रमाणपत्रासाठी नव्हतं. बैठकीची राहिलेली अर्धी बाजू त्याने आम्हा दहाबारा जणांकडे मागितली होती. आम्ही त्याला शब्द पाठवले, कान पाठवले नाहीत.

कोलोनचाच एक रॉक बँड होता, कॅन नावाचा, १९६८ साली सुरू झालेला. गाणी आधी रचायची आणि मग वाजवायची हा रिवाज त्यांनी बाजूला ठेवला. शहराजवळच्या एका जुन्या गढीत तासन् तास वाजवायचं आणि साध्या दोन ट्रॅकच्या टेप यंत्रावर सगळं मुद्रित करायचं, अशी त्यांची रीत. त्यांचा बेसवादक होल्गर चुकाय मग त्या टेपा ऐकायचा, कापायचा, जोडायचा. १९७१ चा त्यांचा 'टागो मागो' हा अल्बम असाच लांबलचक उत्स्फूर्त वादनातून उभा राहिला. काही तांत्रिक बिघाड झाला की बाकीचे वाट पाहता पाहता नुसतं वाजवत बसायचे, तेव्हाही चुकाय त्यांना न सांगता टेप चालू ठेवत असे, आणि त्यातलाही काही भाग पुढे अल्बममध्ये आला. मला यात कात्रीपेक्षा कान मोठा वाटतो. आपल्याच सहकाऱ्यांचं तासन् तासांचं वाजवणं पुन्हा पुन्हा ऐकायचं, त्यात आपलं स्वतःचंही वाजवणं, आणि त्यातलं जिवंत काय ते शोधायचं. ऐकणारा बँडच्या आतच होता, म्हणून तो बँड घडला.

आपल्या मुलांच्या वाट्यालाही असा एक ऐकणारा आला. भावाच्याच इमारतीत तबला शिकवणारे एक गृहस्थ राहतात, पंच्याहत्तरी गाठलेले. रॉक त्यांनी आयुष्यात कधी मुद्दाम लावून ऐकलेलं नाही. भाच्याने भीत भीत त्यांनाही ते रेकॉर्डिंग दिलं होतं. त्यांनी मुलीचे इअरफोन मागून घेऊन ते दोनदा ऐकलं आणि चौघांना घरी बोलावलं. हातात एका वहीचं पान होतं, त्यावर मिनिटं लिहिलेली. तिसऱ्या मिनिटाला लय चढली आहे, ती कोणी चढवली, असं त्यांनी विचारलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सातव्या मिनिटापासून दोन्ही गिटार एकाच जागेत बोलताहेत, म्हणजे दोघंही बोलताहेत आणि कोणीच ऐकत नाही, असं म्हणाले. मग बोट पानावर खाली नेऊन म्हणाले, "इथे दिवे गेले. इथपासून तुम्ही एकमेकांचं ऐकायला लागलात."

चांगलं की वाईट, यावर ते एक शब्दही बोलले नाहीत. चहा झाला आणि मुलं घरी आली. भाचा मला म्हणाला की एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. पहिल्या पंधरा मिनिटांत त्या मुलांकडून जे चुकत होतं, तेच त्यांना अभिप्राय देताना माझ्याकडून चुकलं होतं. समोरच्याचं पूर्ण न ऐकता आपलं वाजवून टाकणं. त्यांना थांबवायला वीज जावी लागली. मला भाच्याचा प्रश्न लागला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं समोरच्याला उद्विग्न करणारं नसावं, खरं असावं, प्रिय आणि हिताचं असावं, हे आपण कीर्तनात, प्रवचनात अनेकदा ऐकतो, आणि खरं बोलावं की गोड बोलावं यावर वादही घालतो. पण त्याच श्लोकात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही : स्वाध्यायाचा अभ्यास. टीकाकार तिथे शास्त्रांचं पठण असा अर्थ सांगतात, तो योग्यच आहे. मला मात्र त्या तबलावाल्या गृहस्थांच्या हातातल्या वहीच्या पानाबद्दल ऐकून वाटलं की वाणीच्या तपात अभ्यास का घातला असेल ते आज कळलं. ज्याचा अभ्यास झालाय त्याला खरं की गोड हा पेच पडतच नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं इतकं असतं की मत द्यायला जागाच उरत नाही.

उत्स्फूर्त वादनाला तर असाच अभिप्राय चालतो. रचलेल्या गाण्यात "हा अंतरा बदला" म्हणता येतं. जे एकदाच घडून गेलं त्यात "असं करायला हवं होतं" याला अर्थ नसतो, कारण ती सव्वीस मिनिटं पुन्हा येणार नाहीत. इथे काय घडलं, एवढंच ऐकणारा सांगू शकतो. आणि ते सांगायला रागदारी किंवा कॉर्ड यावे लागतात असं नाही.

अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं आज आपल्याला ऐकता येत नाही. कोल्हापूर दरबाराचा हा थोर गवई १९४६ साली मुंबईत गेला, आणि त्याने आपला आवाज तबकडीवर उतरू दिला नाही. केसरबाई, मोगूबाई यांच्यासारख्या शिष्यांच्या गळ्यातून ती गायकी आपल्यापर्यंत आली, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या ऐकणाऱ्यांनी जे सांगून, लिहून ठेवलं त्यातून खाँसाहेब आपल्याला थोडेफार दिसतात. तिथे श्रोत्याचा कान हीच एकमेव तबकडी होती. ते लोक चौथ्या मिनिटाला उठून गेले असते तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? आता प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. सगळं साठतं, म्हणून नंतर ऐकू असं वाटतं, आणि ते नंतर येत नाही.

रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. मला संगीतातलं कळत नाही, पण मी काय ऐकलं ते सांगते, असं म्हटलं. पहिली दहाबारा मिनिटं मला लांबली, माझं लक्ष दोनदा भरकटलं, तेही सांगितलं. अंधारात कोणीतरी हसलं आणि ते हसू विरलं तरी ड्रम चालू राहिला, तिथे मी ताठ बसले. वीज आल्यावर तू एकट्याने जो स्वर धरलास तो मी मागे नेऊन तीनदा ऐकला. तो पलीकडे गप्प होता. मला वाटलं, पहिली मिनिटं लांबल्याचं त्याला लागलं असेल. मग म्हणाला, "आम्हालाही ती लांबल्यासारखीच वाटत होती गं. पण सगळे छान छान म्हणत होते, तर म्हटलं आपलंच काहीतरी चुकत असेल."

आमच्या गोड शब्दांनी त्या मुलांचा स्वतःच्या कानावरचा विश्वासच डळमळला होता. मी ज्याला प्रोत्साहन समजत होते त्याने हे केलं. लहानांचं मन मोडू नये म्हणून आपण जे सहज बोलून जातो, चित्राला, कवितेला, पहिल्या स्वयंपाकाला, ते मी त्या दिवसापासून तोलायला लागले आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचं नवं रेकॉर्डिंग आलं, एकतीस मिनिटांचं. या वेळी वीज गेलेली नाही. हा मजकूर लिहायला बसण्याआधी मी ते शेवटपर्यंत ऐकलं. नवव्या मिनिटाला दुसरी गिटार आपणहून थांबते, बेसला वाट देते आणि बराच वेळ परत येत नाही. मिनिट लिहून मी ते त्यांना कळवलं आहे.